शेवटची मूठ

देवाला लाख दाणे वाहायच्या लाखोळीच्या तांदळावरून आठवलं, ऐका. आमची लेक मंजू नोकरीसाठी पुण्याला निघाली, त्या दिवशीची गोष्ट. दुपारी बस होती आणि ती सुरेशसोबत, म्हणजे तिच्या भावासोबत, त्यांचा नेहमीचा फाशांचा खेळ मांडून बसली होती. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं वीर व्हायचं, लढाईत फासा म्हणेल ते खरं. मंजूच्या वीरावर राक्षसांची फौज तुटून पडली होती आणि सुरेश प्रत्येक राक्षसासाठी वेगळा फासा टाकत होता.

"अशानं तं बस निघून जाईन, खेळ तसाच राहीन!" मंजू रडकुंडीला आली. पुन्हा दोघं असे कधी बसणार?

मी बाजूलाच लाखोळीचे तांदूळ मोजत होते. म्हटलं, "लाख दाणे मी एकेक मोजतो का रे? एक मूठ मोजतो, बाकीचे मुठीनंच. तुह्ये राक्षसही मुठीनं, झुंडीझुंडीनं घे. एका मुठीले एक फासा."

"देवाले चालते असं?"

"देव भाव पाहते. राक्षसाचं तू पाह्य."

मग काय, फौज भराभर आडवी झाली. शेवटची मूठ उरली. सुरेशनं फासा उचलला; तो पडला की खेळ संपणार होता. मीच त्याचा हात धरला.

"थांब रे. शेवटची मूठ एकेक मोजा लागते."

"लाखोळीत असं असते?"

"माह्या लाखोळीत असते."

मंजूनं निघायला उचललेली बॅग खाली ठेवली.

बस धावतपळत मिळाली. आता दोघं फोनवर खेळतात. नियम तोच आहे. शेवटी मंजू हाक मारते, "आई, आखरीची मूठ आली वं. ये, तुह्यासाठी थांबून राहिलो."