उजव्या पायाच्या अंगठ्याचे अभिनंदन

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. कांता टिपणीस, त्यांच्या संशोधनात सामील झालेले आम्ही बत्तीस जण, सगळे चाकाच्या खुर्चीवाले, आमच्या घरची मंडळी, आणि दाराशी येऊन घड्याळ पाहणारे केटरर,

मघाशी निवेदकांनी 'सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवूया' असे आवाहन केले. पुढच्या दोन रांगांनी एकमेकांकडे पाहिले आणि बसूनच जरा जोरात वाजवल्या. निवेदकांनी मनाला लावून घेऊ नये.

मी सहदेव केणी, राहणार बाळकुम. नऊ वर्षांपूर्वी इमारतीचा आकाशकंदील टांगताना दुसऱ्या मजल्यावरून पडलो. मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखालचे अंग माझेच आहे, पण माझे ऐकत नाही.

मॅडमचे संशोधन सांगायला सोपे आहे. अशी इजा झाल्यावर वर्षानुवर्षे रोज तासभर सराव केला, तर शरीर किती परत मिळते? त्यासाठी प्रत्येकाला वही दिली. सराव करायचा, अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा, आणि घडले तेवढेच लिहायचे. आज मी पलंगावरून खुर्चीत कोणाच्या मदतीशिवाय येतो, ते या सरावामुळे. वहीत मात्र पहिली सहा वर्षे एकच मजकूर आहे: 'प्रयत्न केला. हालचाल नाही.' वाचायला कंटाळवाणे आहे, मान्य.

मग तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी पत्नी शिवानी ओरडली, "अहो, हलला! आईशप्पथ, हलला!"

हलला होता. मीही पाहिला.

आमच्या इमारतीतले सर्वेश हे होतकरू कार्यकर्ते. कोणाचाही आनंद ते फलकाविना राहू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी नाक्यावर माझा सहा फुटी अंगठा उभा! भोवती हात जोडलेले अकरा नेते. खाली मजकूर: 'सहदेवदादांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.' घोडबंदर रोडकडे जाणाऱ्या गाड्या तिथे हळू होत. फोटोपूर्वी नख कापायचे राहिले, याची खंत मला आजही आहे.

मॅडम आल्या. मला डोळे मिटायला सांगून तीन दिवस अधूनमधून म्हणत राहिल्या, "हलवा." अंगठा हलला. पण केव्हा? मॅडम चहा पीत असताना. तो आपोआप येणारा झटका होता. माझा हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

सर्वेश म्हणाला, "मॅडम, हलला ना? कोणाच्या सांगण्यावरून हलला, हे पब्लिक विचारत नाय."

"मी विचारते," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी फलकासाठी दुरुस्ती लिहून दिली: 'वरील हालचाल अनैच्छिक असल्याचे आढळून आले आहे.' सर्वेशने ती चिकटवली, शेजारी स्वतःचा फोटो लावून. हसतोस काय रे? दुरुस्तीलाही शुभेच्छुक तूच होतास.

सभागृह हसते आहे, पण मी त्या वेळी हसलो नव्हतो. मॅडमवर फार चिडलो होतो. एक अंगठा माझ्याकडे राहू दिला असता, तर विज्ञानाचे काय बिघडले असते? पुढे एकेचाळीस दिवस मी सराव केला नाही. वहीत मात्र रोज लिहिले, 'प्रयत्न केला. हालचाल नाही.' दुसरे वाक्य खरे आहे, तेव्हा पहिले त्याच्या आडोशाने खपून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वही तपासताना मॅडम एवढेच म्हणाल्या, "केणी, या पानांवर अक्षर सुधारलंय तुमचं."

सुधारणारच. एरवी तासभर सराव करून थरथरत्या हाताने लिहायचो. त्याच दिवशी सराव पुन्हा सुरू केला, पण कबूल काही केले नाही. त्यांनी ओळखले होते का? ओळखले असेल, तर गप्प का राहिल्या? की मला हेच विचारत राहणे सोयीचे होते?

सोमवारी मॅडमचा अहवाल जाणार आहे. किती सरावाने किती फरक पडतो, हे उद्याच्या रुग्णाला त्यावरून सांगतील. त्यात माझे खोटे दिवस खरे म्हणून जातील. अशा भाषणाच्या शेवटी 'चुका पोटात घाला' म्हणायची रीत आहे. मॅडम, कृपा करून घालू नका. वगळा.

काय म्हणालात, मॅडम? माइक द्या जरा त्यांना... 'नुसत्या अक्षरावरून दिवस वगळता येत नाहीत. तीन वर्षं तुमच्या तोंडून ऐकायची वाट पाहत होते.'

तारखा? आत्ता, इथे?

अध्यक्षमहोदय, आपली परवानगी गृहीत धरतो. आयोजकांचे, श्रोत्यांचे आणि ताटकळलेल्या केटररचे आभार. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर दोष माझा. आता मॅडमनी पेन उघडले आहे.

लिहा, मॅडम. चौदा जून ते चोवीस जुलै. दोन्ही दिवस धरून.