फुकटात मिळालेला कुत्रा

चार वर्षांचा धडधाकट कुत्रा कोण फुकट देतो, तुम्हीच सांगा. कुत्र्यांच्या शेल्टरमधली पोर म्हणाली, "आजोबा, फार गुणी आहे." म्हटलं, गुणी असता तर आधीच्या मालकाने टाकला कशाला? नक्की मासे चोरत असणार. चोरलान तर उद्याच परत आणून घालीन, असं तिला बजावूनच घरी नेला.

खळ्यात बांगडे सुकत घातले होते. तिथे त्याला मोकळा सोडला आणि मी काठी घेऊन झावळांच्या ढिगामागे बसलो. त्याने बांगडे हुंगलेसुद्धा नाहीत. सरळ माझ्यावर येऊन भुंकत सुटला. जागचा हलू देईना.

बायको धावत आली. माझ्याकडे बघितलं आणि एक बांगडा उचलून त्याच्यापुढे टाकला.

"ह्यो कुत्रो रवांदे. लपान बसलेलो चोर बरोबर हुडकल्यान."