दोन जास्तीचे पाटे

आमच्या जुन्या अँब्युलन्सचं सांगतो. मागची बाजू खाली बसून दगडांना घासायची, म्हणून मी रामनगरच्या गॅरेजात मागच्या स्प्रिंगला दोन जास्तीचे पोलादी पाटे घालून घेतले. गाडी मागनं ताठ झाली, मी खूश.

दुसऱ्याच दिवशी मांडीचं हाड मोडलेल्या सोमामामांना चौघांनी कांबळ्याच्या झोळीतनं रानातनं रस्त्यावर आणलं. चौघांना तिथंच सोडून मी निघालो. ताठ झालेली गाडी दगडादगडाला हिसके द्यायला लागली. शंभर पावलांवर मामा ओरडले, "थांब रे! ही गाडी न्हाई, उखळ हाय. मला झोळीतच घाल."

हाक मारून चौघांना बोलावलं, मागं बसवलं. वजनानं पाटे दबले, हिसके थांबले. मामा पुटपुटले, "आता झोळीगत वाटतंय."

पाटे मी काढून टाकले. झोळीवाल्यांना मात्र अजून मागं सोडत न्हाई.