बंडीच्या खिशातलं मीठ

माहं माहेर जळगाव जामोदच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमी तीन भावंडं, माय, बाबा अन् थोडंसं भाजीपाल्याचं वावर. ताजी भाजी घरची, तरी संध्याकायी जेवाले बसणं म्हंजे सजा होती, काय सांगू तुमाले ताई. माह्या मायच्या हाताले चवच नव्हती. बेसनात बोराएवढ्या गाठी, वांग्याची भाजी खालून करपलेली अन् वरून कच्ची, अंबाडीची भाजी अशी का दात आंबून जात. अन् मिठाचं तं विचारूच नका, आज नाहीच तं उद्या दोनदा.

काऊन, तं माय चाखत नव्हती. सैपाक झाला का पयले देवाले निवद, त्याच्या आदी जिभेले लावाचं नाही, असं तिच्या सासूनं सांगतलं होतं. दुसऱ्या बायाबी पाळत, पण त्यायचा हात बसलेला असे, मायचा काही बसला नाही. दिवसभर वावरात राबून आली का चुलीच्या धुरात तिले आठवेच ना, मीठ टाकलं का नाही. शेजारची काकू म्हणे, तुमच्या घरचा देव लय सोशिक आहे व माय.

बाबाचा एकच कायदा, ताटावर बसून अन्नाले नावं ठेवाची नाहीत. पण बाबाच्या बंडीच्या आतल्या खिशात मिठाची पुडी राहे. माय चुलीकडे तोंड करून भाकर थापे, तेवढ्यात बाबा आमच्या ताटात चिमूट चिमूट टाके अन् पुडी परत खिशात. भाजी खारट असली तं मंग कुस्करलेल्या भाकरीसंगं गिटाची. वरून बाबा म्हणे, झकास झाली व भाजी. माय पदरानं तोंड पुसे अन् म्हणे, खा बापा, पोटभर खा. हसा ताई, हसा, भाऊ भेटला का आमीबी हसतो.

बाबा गेला. आता माय माह्यापाशी खामगावात राह्यते, मी जिनिंगमधी कापूस निवडाले जाते. मागच्या पावसायात मायचे पाय सुजले, डॉक्टर म्हणे मीठ बंद. मी बिनमिठाचं करून वाढाले लागली, तं माय दोन घास खाये अन् ताट सरकवे. नावं नाही ठेवली एकदाबी, बाबाचा कायदा ना. पण हाडं वर आली तिची. मले भेव वाटे, मिठानं नाही तं उपाशीपणानं जाईन माही माय.

अन् मंग एकदम ताट साफ व्हाले लागलं. मले वाटलं देव पावला. तं एक दिवस तिचं लुगडं धुवाले घेतलं, पदराले गाठ, सोडून पाह्यलं तं खडेमीठ.

माहं डोस्कंच सणकलं. म्हणलं माय, मराचं आहे का तुले? हे अक्कल कोणी शिकवली? माय म्हणे, तुह्या बापाची बंडी कोण धुवे?

मी म्हणलं, म्हंजे तुले मालूम होतं? म्हणे, मागून मी जेवत नव्हती का, मले जीभ नव्हती का? पुडी सरली का मीच भरून ठेवो. म्हणलं, मंग बाबाले बोलली काऊन नाही? तं म्हणे, त्याले वाटे मले मालूम नाही. वाटू दिलं. बिचारा माह्यासाठी किती लपवालपवी करे, ते मोडावं असं मले वाटलंच नाही कधी.

ते ओलं लुगडं हातात धरून मी लय रडली ताई.

मंग डॉक्टरकडे गेली, खरं सांगतलं, बोलणं खाल्लं. शेवटी तो म्हणे, दिवसाची एक चिमूट, त्याच्या वर बिलकुल नाही. आता रोज सकायी कामावर जायाच्या आदी मीच तेवढी चिमूट तिच्या पदरात बांधून ठेवते. ती विचारत नाही, मी सांगत नाही. संध्याकायी तिचं ताट वाढलं का मी चुलीकडे तोंड फिरवते अन् एक भाकर उगीच सावकाश थापत बसते. मागून माय म्हणते, झकास झाली व भाजी.

मी मागं पाहत नाही. म्हणते, खा माय, पोटभर खा.