सिंगल भिंत

मी मूळची नागभीडकडची, बाप तलावात जाळं टाके, मी चौथीपर्यंत शाळेत गेली आन् मग धानाच्या चिखलात उतरली. लग्न होऊन ब्रह्मपुरीच्या अंगाले, या गावात आली. काय सांगू बाई तुम्हाले, चार माणसांत तोंड उघडायची सवयच नाई लागली मले, सासू म्हणे हे आमची सून भिंतीसंग बोलते. खोटं काय म्हणे? भिंत आम्हीच उभी केली होती, म्या आन् घरधन्यानं. तलावातली चिकन माती, तिच्यात धानाची तणस तुडवायची, एक थर वाळला का मग दुसरा. घरधनी गेले, भिंत आहे. दरवर्षी पाऊस सरला का तिले पांढऱ्या मातीचा पोतारा माराचा, हात फिरवला का कळते कुठी ओल आली, कुठी उदई चढली, तुम्ही वाळवी म्हणता ते.

तर नरेश, माझा पोरगा, ब्रह्मपुरीले सिमेंटच्या दुकानात काम करते. एक दिवस म्हणते, माय, आपल्या घराले सिंगल लावून राह्यलो. सिंगल म्हणजे काय मले माहीत आहे ना, सिंगल इटेची भिंत, लाथ मारली का हालते. म्या ध्यान ठेवलं. मिस्त्री आला, टेप लावला, नरेश आन् सून त्याच्याशी हळू हळू बोलत होते, मी गेली का चूप. जाताना मिस्त्री म्हणते, उद्या सकाळी भिंत मोकळी करून ठेवा. म्हणजे पाडाले आले, असं समजली मी.

सकाळीच टोपल्यात मासोळ्या घेतल्या आन् भिंतीले पाठ लावून साफ कराले बसली. नरेश म्हणे माय ऊठ ना, म्या म्हटलं नाई उठत. मिस्त्री हासते, म्हणते, आजी, तुमच्यावरच पट्टी ठोकू का? म्या म्हटलं ठोक. जंगलातल्या वाघानं सिंगल भिंतीले नख लावलं तर नातवाले कोण पाह्यन, तू?

मग नरेश असा हासला, असा हासला का खालीच बसला. सिंगल नाई माय, शिंगल! शिंगल! सिमेंटचे पातळ तुकडे असते, भिंतीवरून लावाचे, भिंत आतमंदी तशीच राह्यते. मोकळी कर म्हणजे खुंटीवरचे कपडे काढ. सून पदर तोंडाशी धरून हासे. मिस्त्रीनं टोपल्यातली मासोळी उचलली, म्हणे हे खवले पाहा, एकावर एक, पाणी कसं वरच्यावर निघून जाते, तसंच आपलं.

मले लाज आली, पण गप नाई बसली. म्या म्हटलं, भाऊ, मासोळी तू दाखवू नको मले. खवल्याखालीच ऊ धरते तिले. तो म्हणे उदई सिमेंट खात नाई. म्या म्हटलं सिमेंट नाई खाईन, माती तर खाईन, आन् वरून झाकली तर मले दिसन कशी?

मिस्त्री म्हणे, खाली वीतभर भिंत उघडीच राह्यते आजी, शिंगल जमिनीले टेकवतच नाई आम्ही, मागं हवा खेळाले फटही ठेवतो. म्या म्हटलं, मग हे कालच काऊन नाई सांगितलं? आन् फट ठेवता म्हणजे साप काय दार वाजवून येईन? तो म्हणे जाळी लावतो. लाव म्हटलं, माझ्यासमोर लाव. आन् उठली.

आता गावातले लोक येऊन पाह्यतात, सून मोबाईलवर फोटो काढते. पाऊस झाला, भिंत आतून कोरडी. पोताऱ्याचं काम गेलं, हाताले चुकल्यासारखं होते. रोज सकाळी वाकून त्या वीतभर मातीवर बोट फिरवतो. उदई नाई दिसली अजून. नाई दिसली म्हणून नाई आहे, असं थोडंच असते बाई? नरेश म्हणते, माय, तू मेल्यावरही पाह्यत राह्यशीन. पाह्यन. पण देवाले रोज हेच म्हणतो, मले खोटी पाड बाबा, लेकराचं घर टिकू दे.