धरणाले नारळ

राखीच्या दिवशी मेहकरच्या बसस्टँडवर जानेफळच्या गाडीची वाट पाहत होतो. पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या.

"नारळ घेऊन कुठं चाल्ल्या वो, सरस्वतीबाई?"

"धरणावर. पाण्यात सोडाले."

"धरणाले नारळ? हे काय नवीन काढलं?"

"नवीन नाही वो जनकाबाई, लय जुनं हाये. माही सून समुद्राकाठची. तिच्या गावचा किल्ला पडला, बंदर गाळानं बुजलं, पण या पुनवेचा नारळ एकाही साली चुकला नाही. मंग माह्या घरी काऊन चुकावा?"

"अन् समुद्र कुठून आणला?"

"धरण हाये ना! पह्यल्या साली दोघी गेलो. तिनं हात जोडून नारळ सोडला. मी लुगडं खोचलं, पाण्यात उतरली अन् काढून आणला."

"काऊन?"

"फोडाले! परसाद नको वाटाले? पोरगी रडालेच लागली. म्हणे, आई, समुद्राले देल्लेलं परत घेत नाहीत. तो शांत झाला त माह्या बाबाची होडी घरी येते."

"बाप्पा! मंग?"

"मंग काय, धावत जाऊन दुसरा नारळ आणला अन् तिच्या हाती देल्ला."

"मंग यंदा सून कुठं हाये?"

"बाळंतपणाले माहेरी गेली. तिकडं ती समुद्राले देईन, इकडं मी."

"एकट्याच चाल्ल्या? पाण्यात उतरू नका बरं."

"उतरून काय करू? आता परत थोडीच काढाचा हाये!"