मागे पडणारी सावली

"आजोबा, मांडीवर हे काय घेऊन बसलाय?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून बसथांब्यावर मी बिनधास्त विचारलं.

"सूर्यघड्याळ! घरी केलंय. काटा वरखाली होतो, तबकडीही फिरते."

"आणि आता निघालंय सुताराकडे, मोडायला," त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या.

"मग काय करू? आज जुळवावं, तर चार दिवसांत सावली पुन्हा मागे!"

"कशाच्या मागे, आजोबा?"

"आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या."

"अहो... त्या घड्याळाशी जुळवत होतात?" आजींनी विचारलं.

"मग कोणाशी जुळवू?"

"ते मी पुढे करते."

"काय? कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. नाहीतर तुम्ही वेळेवर घराबाहेर पडला असतात? सवय झाली की आणखी थोडं पुढे."

"म्हणजे सूर्य बरोबर होता?"

"सूर्याला मी कधी नावं ठेवली?"

"अगं, महिनाभर मी त्याच्या चुका काढतोय!"

"बस आली. चढायचं का?"

"सुताराकडे कशाला आता? घरी चल. आधी ते घड्याळ खाली उतरवतो."

घरी पोचताच मी आईबाबांना जाहीर केलं, "गच्चीवर मी सूर्यघड्याळ करणार. पण आई, आधी आपलं स्वयंपाकघरातलं घड्याळ किती पुढे आहे, ते खरं खरं सांग!"